कणगीपुढची रेघ

आत्याबाई,

आपल्या घरात उंदीर शिरला आहे. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. जिंतूरला बांधलेलं, स्लॅबचं, खाली फरशी, स्वयंपाकघरात ओट्याखाली आणि वर हातभर टाइल. बांधताना गवंडी छातीला हात लावून म्हणाला होता की या घरात मुंगी शिरायची नाही. मुंग्या पहिल्याच वर्षी आल्या. उंदराला बारा वर्षं लागली, एवढंच काय ते गवंड्याचं काम. गेल्या आठवड्यात त्यानं वॉशिंग मशीनची वायर कुरतडली, मग नातीच्या बिस्किटांचा पुडा, मग माझी एक चांगली साडी, तीही नेमकी पदराकडून. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं फार वेळा वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पण या उंदरामुळे घरात तुमचा विषय निघाला, आणि निघाला तो नेहमीसारखाच निघाला. तुमच्यावर एक आळ आहे. घरातल्या सगळ्यांना तो खरा वाटतो, आणि तो खोटा आहे हे मला, तुमच्या सुनेला, एकटीला माहीत आहे. तुमचा मुलगा आता साठी ओलांडून गेला आहे, मीही काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही. दोघांपैकी एक जण गेलं की तो आळ कायमचा तुमच्या नावावर राहील, म्हणून लिहायला बसले.

मी लग्न होऊन आले तेव्हा पेडगावजवळचं आपलं घर मातीचं होतं, वर माळवद. लाकडांवर हातभर मातीचा थर, आणि गावात ज्याच्या त्याच्या माळवदात उंदरांच्या पिढ्या नांदत होत्या. आपल्या घरात त्या नव्हत्या, कारण आपल्या घरात तुम्ही होतात. दर सोमवारी पूजा आटोपली की तुम्ही खुरपं उलटं धरायचात आणि त्याच्या मुठीनं भिंती ठोकत घरभर फिरायचात. एक ठोका, मग कान भिंतीला. भरीव भिंत कशी वाजते आणि पोखरलेली कशी वाजते हे तुम्हाला कळायचं, मला मात्र सगळ्या भिंती सारख्याच वाजायच्या. पोकळ लागलं की तिथं काकणांच्या काचा ठासायच्या, वरून चुना-माती. त्यासाठी गल्लीतल्या बायकांची फुटकी काकणं तुम्ही मडक्यात साठवायचात. मामंजी गेले त्या दिवशी फुटलेली तुमची स्वतःची काकणंही त्यातच गेली, असं मला नणंदेनं सांगितलं. कुणी काही बोललं तर तुम्ही म्हणाला होतात, "काच ती काच. उंदराला काय कळतंय कुणाची हाय?" शिंक्याच्या दोरीला मध्येच पत्र्याचं झाकण ओवलेलं, दोरीवरून कुणी उतरू नये म्हणून. गोवऱ्या भिंतीपासून हातभर लांब. मांजर तुम्ही पाळली नाही. मांजर म्हणजे दुधावरचा उंदीर, असं तुमचं मत.

आल्याच्या चौथ्या दिवशी मी कणकेचा गोळा परातीत उघडा ठेवून न्हाणीत गेले. परत येते तर तुम्ही परातीपुढं बसलेल्या, हाताची घडी घालून. "कुणाला आवतन दिलंस?" मला काहीच कळेना. "सोयऱ्याला बलवायचं आसंल तर मला इचारून बलवायचं. आपल्या घरी आवतनाबिगर कुणी येत न्हाई." मी दहावी पास झालेली, परभणीत वाढलेली, आणि कणकेच्या गोळ्यावरून बोलणी खाल्ली म्हणून चुलीच्या धुराचं निमित्त करून तासभर रडले. सोयरा म्हणजे उंदीर, हेही संध्याकाळी नणंदेनं सांगितलं. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला मारायचं तर बोलायचंच नाही. तो माळवदात बसून ऐकतो, मग औषधाला तोंड लावत नाही आणि वर चिडून कपडे कुरतडतो. मी मनात हसले होते. पण तुमच्यापुढं हसायची कुणाची टाप होती?

तर औषध घालायची तुमची रीत अशी. सहसा तुम्ही ते घालतच नव्हता. जीव घ्यायचा म्हणून तुमच्या जिवावर यायचं, आणि घातलं त्या दिवशी तुम्ही जेवत नव्हता. पण कधी घालावंच लागलं तर पिठाच्या दोन-चार गोळ्या करून कुणालाही न सांगता ठेवायच्या आणि कमरेच्या चंचीतून चुन्याची डबी काढून, बोटावर चुना घेऊन त्या जागेपुढं जमिनीवर रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत झाडू नाही, हात नाही, लेकरू नाही. घरातल्या बायकांना एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोळ्या मोजून उचलायचात, जागा राखेनं पुसायचात आणि मगच रेघ सारवायचात. ती सारवायचा मान फक्त तुमचा. हे सगळं मला पहिल्याच वर्षी समजलं होतं. पुढं जे लिहिते आहे ते वाचताना हे ध्यानात असू द्या, कारण मी अजाण नव्हते.

नणंदेला बघायला पाहुणे येणार होते तो दिवस. माझा मुलगा चौदा महिन्यांचा, नुकता भिंत धरून चालायला लागलेला. तुम्ही सकाळी साखर आणि पानसुपारी आणायला पेडगावला गेलेल्या. मी मधल्या घरात सारवायला बसले. ज्वारीच्या कणगीपाशी आले आणि रेघ दिसली. चांगली ठसठशीत, कणगीच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. आजही डोळे मिटले तर ती मला दिसते. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, पाहुणे इथंच बसणार, त्यांच्यात चार बायका असणार, त्या रेघ कसली ते विचारणार, आणि कळलं की म्हणतील, यांच्या घरात उंदीर आहेत. ज्या घरची बाई काकणांच्या काचा गोळा करत गावभर फिरते, तिच्याच घरात. खरं तर मला तुमची फजिती नको होती की माझी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मनाशी म्हटलं, पाहुणे गेले की आत्याबाईंना सांगू, तोवर लेकराला इकडं येऊ द्यायचं नाही. आणि शेणाचा हात रेघेवरून फिरवला. एकदा फिरवल्यावर पुसट राहिली म्हणून दुसऱ्यांदा फिरवला.

मग तुम्ही आलात, तुमच्यामागोमाग पाहुण्यांची जीप आली, वेळेच्या आधी. पोहे, पाणी, सतरंजी, नणंदेच्या साडीच्या निऱ्या. लेकरू माझ्या कडेवर रडायला लागलं. चुलीपाशी तेल तापलेलं. मी त्याला खाली ठेवलं. मधल्या घराच्या उंबऱ्याच्या आत ठेवलं, म्हणजे मला दिसेल अशा बेतानं, आणि वळले. किती वेळ गेला असेल? कढीपत्ता तडतडेपर्यंत. तुमची हाक आली. हाक कसली, नुसता आवाज. तुम्ही त्याच्या तोंडात बोट घालून गोळी काढत होता, ओठांना पांढरं पीठ. पाहुण्यांच्याच जीपमध्ये आपण परभणीच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तुमच्या मांडीवर लेकरू, माझ्या हाताला अजून तेल. गोळी त्यानं नुसती चोखली होती. दोन दिवस ठेवून घेतलं आणि पोरगं हसत-खेळत घरी आलं. जीपवाल्यांनी सोन्यासारखी मदत केली, पण ते स्थळ काही परत आलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुमच्या मुलानं विचारलं, "माय, रेघ वडली न्हवतीस का?"

तुम्ही म्हणालात, "वडली व्हती. पाहाटंच वडली." मग माझ्याकडे वळलात. आवाजात संशय नव्हता, हे मला पक्कं आठवतं; तुम्ही साक्षीला बोलवावं तसं मला विचारलंत. "तू सारवलंस तव्हा व्हती का न्हाई गं?"

मी म्हणाले, "मला दिसली न्हाई."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता ओळखणार. भिंतीवर एक ठोका मारून आत काय आहे सांगणारी बाई, माझा चेहरा काय लपून राहणार होता? पण तुम्ही नजर खाली केलीत, कमरेची चंची चाचपलीत, डबी उघडून पाहिलीत, जणू चुना किती कमी झालाय ते पाहून कळणार होतं. आणि म्हणालात, "मग ऱ्हायली आसंल."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर फार तर काय झालं असतं? चार दिवस बोलणी, आठ दिवस अबोला. लेकरू वाचलं होतं. पण आत लेकराच्या हाताला सुई लावलेली होती, तुमचा मुलगा लालबुंद झाला होता, आणि मला भीती वाटली. हे कारण आहे, सबब नाही. पुढं भीती ओसरली तेव्हा उशीर झाला म्हणून बोलले नाही, आणि अजून पुढं काही कारणच उरलं नाही, तरी बोलले नाही.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. तुमच्या मुलानं घरात औषध आणायची बंदी केली, घरातल्या किल्ल्या तुमच्याकडून काढून माझ्या कमरेला दिल्या, आणि तुमच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. माय म्हणायचा तो म्हातारी म्हणायला लागला. नणंदेच्या मनातही ते मोडलेलं स्थळ राहिलंच. पण त्या सगळ्यापेक्षा मला दुसरंच खुपायचं. तुम्ही स्वतःवर भरवसा ठेवायचं सोडून दिलंत. कडी लावून चार पावलं जायचात आणि परत येऊन कडी बघायचात. भाकरी टाकताना विचारायचात, "मीठ टाकलं का गं मी?" मीठ तुम्ही टाकलेलं असायचं. मी म्हणायचे, "टाकलं की आत्याबाई," आणि तुम्ही माझ्याकडे असं बघायचात की बघवत नसे. सोमवारी भिंती ठोकणं तुम्ही आपणहून बंद केलंत. दोन पावसाळ्यांत माळवदात खुडबुड सुरू झाली. लोक म्हणाले, बाईचं वय झालं. तुमचं वय तेव्हा पन्नासही नव्हतं, आत्याबाई. आज मी तेव्हाच्या तुमच्याहून मोठी आहे.

एक दिवस मात्र मला विसरता येत नाही. मी अंगणवाडीत लागले होते. खोली समाजमंदिरामागची, पोरांच्या खाऊची पोती एका कोपऱ्यात, आणि रोज सकाळी पोत्याला नवीन भोक. मी घरी कुरकुर केली असेन. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं गेल्यावर तुम्ही दारात उभ्या, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात काकणांचं मडकं. ते मडकं तुम्ही इतकी वर्षं ठेवलं होतंत हे मला माहीतच नव्हतं. आल्या आल्या भिंती ठोकायला लागलात. अख्खी दुपार लागली. सहा भोकं सापडली, सहाही तुम्ही बुजवलीत. त्यानंतर त्या खोलीत मी सतरा वर्षं काम केलं आणि एक पोतं फाटलं नाही. माहेराहून कुणी सोनं आणलं नसेल एवढं मोठं देणं तुम्ही मला त्या दुपारी दिलंत. पण मला त्या दिवशी रडू आलं ते वेगळ्याच कारणानं. प्रत्येक भोक बुजवून झालं की तुम्ही बाजूला सरकत होता आणि मला म्हणत होता, "बघ बरं, नीट बुजलं का? मला आता मेलीला समजत न्हाई." आणि मी वाकून बघत होते, आणि बुजलंय म्हणत होते. खोलीत आपण दोघीच होतो. याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती. मी चहा आणते म्हणून बाहेर पडले.

आता इथलं सांगते. सून तुमच्या रीतीच्या अगदी उलटी आहे. माझ्या मुलानं दुकानातून औषधाच्या वड्या आणि चिकट पुठ्ठे आणले, तर तिनं फ्रिजच्या मागं, गॅसच्या टाकीपाशी कुठं काय ठेवलं त्याचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, आणि वरून साऱ्या घराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "मम्मी, पप्पा, औषध टाकलंय बरं का, तिकडं हात लावू नका!" तुमच्या हिशेबानं उंदरानं सगळं ऐकलं असणार, खरंच त्यानं वड्यांना तोंड लावलं नाही. मी हसले, पण नात रांगती आहे, आणि मला जेवण गोड लागेना. मी सुनेला म्हटलं, वड्या उचल, आपण भोक शोधू. ती म्हणाली, "मम्मी, तुमी इतक्या कामून भिताव?"

तेव्हा जेवता जेवता तुमच्या मुलानं सांगायला सुरुवात केली. या घरात ती गोष्ट दोन-तीन वर्षांतून एकदा तरी होते. "आमच्या मायनं इख ठिवलं अन् रेघच वडायची इसरली. हे पोरगं मरता मरता वाचलं." पोरगं, म्हणजे पस्तिशीचा तुमचा नातू, जळालेल्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करून काळ्या झालेल्या बोटांनी भात कालवत हसलं. "आज्जीचा बेत पक्का व्हता. मीच चिवट निघालो." सून म्हणाली, "बाप रे, आज्जी अशा होत्या?" आणि नातीला उचलून तिनं मांडीवर घेतलं. इतकी वर्षं मी या गोष्टीला मान डोलवत आले आहे. पण तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. तिच्यासाठी तुम्ही म्हणजे एवढ्याच, आणि ती पुढं नातीला हेच सांगणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लाटणं घेतलं आणि ओट्याखालच्या टाइला ठोकल्या. सून दारात उभी राहून बघत होती, हसू दाबत. सांडपाण्याच्या पाइपाशेजारची टाइल वेगळी वाजली. मला कळलं, आत्याबाई. चौतीस वर्षांनी का होईना, मला कळलं. मुलानं टाइल काढली तर मागं मूठभर पोकळी, बिस्किटांचे कागद, माझ्या पदराच्या चिंध्या. काचेची काकणं आता घरात कुणी घालत नाही, म्हणून दोन बल्ब फोडले, तारेची जाळी ठासली, वर सिमेंट. सुनेनं त्याचाही फोटो काढला. मला म्हणाली, "हे कुणी शिकवलं मम्मी तुमाला?" मी तुमचं नाव सांगितलं. तिला पटलं नसावं, ज्या बाईला रेघ ओढायची आठवत नव्हती तिचं नाव ऐकून.

आज सकाळी तुमचा मुलगा आणि मी ओट्यापाशी चहा घेत होतो. सून नातीला भरवत होती. मी म्हटलं, "अहो, ती रेघ मी पुसली व्हती. मायनं वडली व्हती. मला दिसली व्हती, अन् मी सारवताना पुसली. दवाखान्यात मी खोटं बोलले." एका दमात म्हटलं. चौतीस वर्षं हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलंय की कुठं अडखळले नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, पोचलं एकदाचं. ते म्हणाले, "लय मोठं मन हाय तुझं. मेलेल्या माणसाचं सोतावर घेयालीस. पण तसं कशाला? माय माझ्यापुढं कबूल झाली व्हती, ऱ्हायली आसंल म्हणून. तू व्हतीस की तिथंच." मी म्हटलं, "अहो, पण..." तर ते सुनेकडे वळले. "बघ, सासूचं नाव खराब होऊ ने म्हणून किती करतीय. सून आसावी तर अशी." सुनेनं माझ्याकडे पाहिलं, अगदी आदरानं. पोरगी चांगली आहे.

तिथं मी पुन्हा सांगायला हवं होतं. हात धरून, ओरडून, नणंदेला फोन लावून, काय वाटेल ते करून. तोंडही उघडलं होतं. पण मी कप उचलले आणि विसळायला घेतले. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहून टाकते: त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हा मला बरं वाटलं.